नालेचं कडं

शेवग्याच्या शेंगा आणायला गेले होते, एवढंच. गुरुवार होता. आमच्या भागात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे दुपारी सगळी पोरं माझ्या मेसला जेवतात. आमटी पातळ झाली तर तोंडावर कुणी बोलत नाही, पण पुढच्या महिन्यात शेजारच्या मेसला दिसतात. म्हणून गुरुवारी शेवग्याची आमटी. भावाच्या वावराचा एक तुकडा नदीकाठी उरलाय, बाकी सगळं कंपनीच्या कुंपणात गेलं. त्या तुकड्यावर दोन शेवगे आहेत. पिशवी घेतली, कोयता घेतला आणि निघाले.

आमच्या निघोजे गावची ती वाट म्हणजे एका बाजूला कंपनीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. इंद्रायणी आपली नावाला. वर पांढरा फेस असतो, धुण्याचं पाणी ओतल्यासारखा, आणि वास असा की भूक मरते. सहा दिवस भिंतीआडून पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज येतो. धप... धप... पायाखालची जमीन हलते. गुरुवारी ते बंद. मग स्वतःची चप्पल वाजलेली ऐकू येते, आणि ती दुसऱ्याच कुणाची वाटते.

वाटेच्या शेवटी करंजाखाली सात दगड आहेत, शेंदूर फासलेले. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. खाली डोह आहे तो त्यांचा. कंत्राटदारानं काठावरची सगळी झाडं काढली, पण करंजाला आणि दगडांना हात लावला नाही. आम्हाला लहानपणी बजावलेलं होतं, रात्री गेलीस तर एक वेळ चालेल, पण भर बाराला डोहावर जायचं नाही.

दगडांपाशी पुनमची चप्पल पडली होती.

पुनम माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. बीडकडची, वीस वर्षांची, कंपनीत ट्रेनी. मला काकू म्हणायची आणि डोकं दुखलं तर माझ्याच मांडीवर येऊन पडायची. ती काठावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. केस मोकळे, ओले. हातात कंगवा. हळू आवाजात बोलत होती आणि मधेच थांबत होती, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी.

"कुणाशी बोलतीस गं?"

ती दचकली नाही. मला तेच आधी खटकलं.

"कोयता कामून आणलात काकू? गेला ना तो..."

मी पाण्याकडे बघितलं. वरच्या अंगाला फेस, खालच्या अंगाला फेस, आणि मधला डोह तेवढा स्वच्छ. तळाचे गोटे मोजता आले असते. वास बदलला होता. ओल्या वाळूचा, लव्हाळ्याचा वास, मी अठरा वर्षांची असताना नदीला यायचा तो. काटा आला अंगावर, पण भीतीनं नाही. मला रडू यायला लागलं होतं. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत घरी आणलं. शेंगा राहिल्याच.

घरी ताट वाढलं. ती आठवडाभर म्हणत होती, काकू मीठ जास्त झालंय, आणि मी तिच्यावर खेकसत होते, की चाळीस पोरं जेवतात, तुझीच जीभ मोठी नाजूक. त्या दिवशी तिनं एक घास घेतला आणि ताटातच थुंकला.

"त्यानं तुला काय खायला घातलं?" मी विचारलं.

"दहीभात. पानावर. लई गोड लागला काकू, नुसता अळणी होता तरी."

आसरांना ठेवतात तो दहीभात. त्याला मीठ लावत नाहीत.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. तीन गुरुवार झाले होते. हिरवा शर्ट घालतो, खिशावर कंपनीचं नाव आहे, पण अशी कंपनी तिनं कधी ऐकली नव्हती. सारखी वेळ विचारतो. मोबाईल पुढे केला तर त्याकडे बघतसुद्धा नाही.

"मला कौसा म्हणतो," पुनम म्हणाली आणि लाजली. "मी म्हणलं, माझं नाव पुनम आहे. तर म्हणतो, चिडलीस व्हय. आणि काकू, त्याच्या मनगटाला गोरा पट्टा आहे. काहीतरी घालत असंल, अन् आता काढलंय."

माझं नाव कौशल्या. गाव कौशल्याबाई म्हणतं, मेसची पोरं काकू म्हणतात. कौसा म्हणणारा एकच होता.

आणि तो जे घालायचा ते त्या घडीला माझ्या दंडावर होतं. पोलक्याच्या बाहीखाली. तीस वर्षं तिथंच.

गोरक्ष ठकुबाईचा एकुलता एक. ठकुबाईला मूल जगत नव्हतं, म्हणून तिनं डोहावर ओटी भरून आसरांकडून तो मागून घेतला. मागून घेतलेलं मूल आसरा कधीतरी परत मागतात असं आमच्यात मानतात. पाण्यातल्या बाया लोखंडाला भितात. म्हणून बारशालाच काळ्या घोड्याच्या नालेचं कडं लोहाराकडून करवून त्याच्या हातात घातलं. पोर वाढेल तसं लोहार कडं तापवून मोठं करत गेला. एकवीस वर्षं ते कडं मनगटापासून दूर राहिलं नव्हतं.

मग कंपन्या आल्या. गावातल्या पोरांत प्रेसशॉपला पहिला लागला तो गोरक्ष. हिरवा शर्ट मिळाला तर चार दिवस अंगातून काढेना. मी म्हणाले, तुझं लगीन त्या शर्टाशीच लाव. तर म्हणाला, लावलं असतं, पण त्याला भाकरी कुठं थापता येतीया. मी आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी. आता हसू येतं.

आम्ही गुरुवारी बाराला डोहावर भेटायचो. त्या वेळेला तिथं कुणी फिरकत नाही, आसरांना भिऊन. त्यांच्याच भीतीच्या आडोशाला बसायचो आम्ही. तो कैऱ्या आणायचा आणि मी कागदाच्या पुडीत मीठ-तिखट. कैरी तो दातानंच फोडायचा. नदी एवढी स्वच्छ होती की हात धुवायला वाकलं की आपलंच तोंड आपल्याकडे बघायचं. तो म्हणायचा, कौसे, कैरी कुणीबी आनंल, मीठ तूच आनायचं.

एक दिवस सुपरवायझरनं सांगितलं, मशीनवर हातात काही चालणार नाही. अंगठी नाही, दोरा नाही, कडं नाही. चूक नव्हती त्याची. शिफ्टमधल्या एकाचं बोट अंगठीपायी गेलं होतं. गोरक्षनं कडं काढलं, पण आईच्या धाकानं घरी नेईना. माझ्या हातात दिलं. म्हणाला, शिफ्टला तुझ्याकडं, सुट्टीला माझ्याकडं.

पुढच्या गुरुवारी मी दिलं नाही. विसरले म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत विसरले म्हणाले. विसरले नव्हते. दंडावर चढवलं होतं मी. रात्री पांघरुणात हात लावून बघायचे. त्याच्या घामानं गुळगुळीत झालेलं लोखंड. अठरा वर्षांच्या पोरीला तेवढंही पुरतं.

तिसऱ्या गुरुवारी चऱ्होलीचे पाव्हणे मला बघायला आले. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पोह्यांचं ताट घेऊन उभी राहिले आणि समोर भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. मग साडेबारा. मग एक. निरोप कुणाच्या हाती देणार?

गोरक्षला डोहाकडे जाताना लोकांनी बघितलं. येताना कुणी बघितलं नाही. चार दिवस गळ टाकले, काही लागलं नाही. दगडांपाशी चपला होत्या, जोडीनं ठेवलेल्या. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं मुंबईला पळाला. मी तोंड उघडलं नाही. दोन महिन्यांनी चऱ्होलीला नांदायला गेले. नवरा वाईट नव्हता. त्यानं विचारलं तेव्हा म्हटलं, नवसाचं कडं आहे. ते खोटं नव्हतं. पोरबाळ झालं नाही. तो वारल्यावर माहेरी आले, भावानं तीन खोल्या दिल्या, मेस काढली. दंड भरत गेला आणि कडं मांसात रुतत गेलं.

त्या संध्याकाळी ठकुबाईकडे गेले. ऐंशी उलटलेली, डोळे गेलेले, पण कान शाबूत. इतकी वर्षं मी तिच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

"कौसल्या का?" पावलावरूनच ओळखलं तिनं. "आज कशी वाट चुकलीस? मेस बंद पडली का काय?"

मी सांगितलं सगळं. पुनमचं, दहीभाताचं, हिरव्या शर्टाचं. कड्याचं तेवढं सोडून.

ती मिश्री घासत ऐकत होती. मग हळू आवाजात बोलली.

"सा दिस लोखंड वाजतंय. तवर त्या बाया तळाला दबून ऱ्हात्यात. गुरुवारी समदं गप... मग वर येत्यात. त्याला काठावर सोडत्यात, पोरगी आनाया."

"पोरगी कशाला?"

"त्यो कौसा-कौसा करतो म्हून. त्या बायान्ला काय, कंची बी चालती. तीन डाव पाय टाकला न्हवं तिनं? चवथ्या डावाला माघारी येत न्हाई."

"मग सोडवायची कशी, आत्या?"

"कडं." ती म्हणाली. "कड्याला त्या शिवत न्हाईत. पोरीला घातलंस तर पोरगी सुटंल. माज्या पोराला घातलंस तर त्यो सुटंल. कडं एकच हाय."

"पण कडं कुठं..."

"तुज्या दंडात हाय."

मी बाहीवर हात दाबला.

"तुज्या हळदीला तेल लावाया मीच हुते की गं," ठकुबाई म्हणाली. "हात लागला. माज्या पोराचं कडं मला कळंना व्हय?"

"मग तवाच का न्हाई बोलला? सगळ्यांदेखत थोबाडात द्यायची व्हती माझ्या."

"दिली असती. पन त्यो तुज्या नावानं हाका मारत ग्येला हुता. कडं काढून घेतलं असतं तर पंधरा दिसात तू बी ग्येली असतीस. म्हनलं, ऱ्हाऊ दे. एक तरी जगू दे."

मी तिचे पाय धरले. विचारलं, "आता कुणाला घालू, आत्या?"

"मला नको इचारू," ती म्हणाली. "आई हाय मी."

बुधवारी रात्री कडं काढलं. गोडं तेल लावलं, साबण लावला, दात आवळून फिरवत राहिले. कातडं सोललं तेव्हा निघालं. दंडाला काळी, खोल खाच राहिली. पुनमला मी खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं होतं. ती आतून भांडलीसुद्धा नाही. नुसती विचारायची, काकू, वाजले किती?

गुरुवारी सकाळी अकरापर्यंत ती आत होती, मी खिडकीतून दोनदा बघितलं. साडेअकराला चहा घेऊन गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. खोली रिकामी. फरशीवर ओली पावलं होती, पलंगापासून दारापर्यंत. उंबऱ्याच्या बाहेर एकही नव्हतं.

कशी धावले ते आठवत नाही. कोयता राहिला. कडं मुठीत होतं.

वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की सावली पायाखालून बाहेर येईना. भिंतीपलीकडे शांत. आणि डोहावर तो वास... ओली वाळू, लव्हाळा, कैरीचा चीक. फेस डोहाच्या कडेला थांबला होता, कुणी हात आडवा धरावा तसा. पुनम कमरेपर्यंत पाण्यात होती. पाण्याखाली बांगड्या वाजत होत्या. बारीक... कासार बायकांच्या हातात बांगड्या भरतो तेव्हा वाजतात तशा.

पुनमच्या समोर गोरक्ष उभा होता.

एक केस पिकला नव्हता. भांग तसाच, डाव्या बाजूला. हिरव्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, मी पुढच्या गुरुवारी लावून देते म्हणाले होते ते. पाण्यात उभा होता, पण शर्ट कोरडा.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पाण्यात उतरले होते, गुडघ्यापर्यंत. माझं सगळं वय मला त्याच्या नजरेत दिसलं.

"मावशी," तो म्हणाला, "किती वाजलं?"

"बारा."

"तरीच. कौसा बाराला येते म्हनली व्हती." त्यानं पुनमकडे बघितलं. "हीच ना ती? बोलंना झालीया... चिडलीया."

तुम्हाला वाटेल मी ठरवून आले होते. नव्हते. पुनमचा हात माझ्यापासून हातभर लांब होता आणि त्याचाही. त्याच्या मनगटाचा गोरा पट्टा उन्हात चमकत होता. मी आधी त्याचाच हात धरला. खरं सांगते, त्याचाच. माठाच्या बुडाला हात लावावा तसा गार. कडं घातलं की सुटेल, म्हणाली होती ठकुबाई. मग तो बाहेर येईल, तीस वर्षं अंगावर घेऊन, पन्नाशीचा, चष्मा लागलेला, गुडघे धरून चालणारा. माझ्या मेसच्या ओट्यावर बसेल. मी आमटी वाढीन. तो म्हणेल, शेंगा निबर आहेत. मी म्हणेन, दात पडलेत तुझे, शेंगांना कशाला नावं ठेवतोस. सगळा संसार दिसला मला, चूल-मोरीसकट. पाण्यात उभ्या उभ्या.

"काकू..." पुनम म्हणाली. तेवढ्यात ती आत सरकली होती, पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. तिला माझी ओळख पटली ती तेवढ्यापुरतीच. मग तोंडात पाणी गेलं.

मी त्याचा हात सोडला. पुनमच्या मनगटात कडं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबलं.

बांगड्या वाजायच्या थांबल्या. पुनम ओकली, पांढरं, दह्यासारखं. मी तिला काखेत धरून काठाकडे ओढलं. मागे वळायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वळले.

गोरक्ष पुनमच्या हाताकडे बघत होता.

"हे तर माजं हाय... कौसाला दिलं व्हतं. तुमच्याकडं कसं, मावशी?"

"तिनंच दिलं."

"मंग ती यील?"

काय सांगायला पाहिजे होतं मी? पाव्हणे बघायला आलेत म्हणून? तीस वर्षं झाली म्हणून? आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलत आले मी, आणि तिथं...

"यील," म्हणाले.

तो हसला. "मी थांबतो म्हनावं. मीठ आन म्हनावं तिला."

फेस आत सरकला. वास परत आला, आजच्या नदीचा.

पुनमनं त्या संध्याकाळी चार भाकरी खाल्ल्या आणि लोणचं मागून घेतलं. तिला काही आठवत नव्हतं. ठकुबाईनं पावलं ऐकली आणि विचारलं, कुनाला? मी सांगितलं. बरं केलंस, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्याच महिन्यात गेली.

पुनम कामावर गेली तर तिसऱ्याच दिवशी सुपरवायझरनं कडं काढायला सांगितलं. मी कंपनीच्या गेटवर जाऊन बसले. सिक्युरिटीवाल्यानं मला दोनदा उठवलं, दोनदा परत बसले. शेवटी सुपरवायझर बाहेर आला, मला मुलगा असता तर त्याच्या वयाचा असेल. म्हणाला, "मावशी, नियम आहे. मशीनवर हातात काही नाही चालत."

"हातात नाही ना चालत?" मी म्हटलं. "पायात?"

त्यानं डोकं खाजवलं. कडं जरा फाकवून पुनमच्या घोट्याला घातलं, वर मोजा, वर सेफ्टी बूट. आजपर्यंत तिथंच आहे. तीस वर्षांपूर्वी कुणाला एवढी अक्कल सुचली असती तर. आता पुनम पर्मनंट झालीय, चाकणला मैत्रिणींबरोबर राहते. दर रविवारी फोन करते. मी पहिलं विचारते, बूट काढलास तरी ते काढत नाहीस ना? काकू, झोपतानासुद्धा नाही, म्हणते.

तिकडची काळजी मिटली.

इकडे मेसची पोरं हल्ली कुरकुरतात. म्हणतात, आमटी अळणी झालीय. सयाजी म्हणून एक आहे, तो तर मिठाची डबी शेजारी घेऊनच बसतो. परवा म्हणाला, काकू, मीठ महाग झालंय का? मी चव घेऊन बघते. मला तर खारटच लागते.

दंडावरची खाच भरून आली. आता हात फिरवला तर कुठं होती ते सापडत नाही.

गेल्या गुरुवारी शेंगा काढत होते. ऊन डोक्यावर आलेलं, भिंतीपलीकडे सगळं शांत. मागून कुणीतरी वेळ विचारली. मी वर न बघताच सांगितलं, बारा वाजले. घरी आल्यावर ध्यानात आलं, विचारणारा मावशी म्हणाला नव्हता. नुसतंच म्हणाला होता, "किती वाजलं गं?"

आज गुरुवार. शेंगा आणायच्यात. कोयता कुठं ठेवलाय काही सापडत नाही. राहू दे. शेंगा काय, हातानंही तुटतात. पिशवी घेतलीय. कागदाच्या पुडीत थोडं मीठ-तिखट बांधून घेतलंय.